फाट्यावर वर केलेले हात

रस्ता कसा ओलांडायचा हे मुलांना शिकवावं तर आमच्याच अंगणवाडीनं! असं मी आमच्या सुपरवायझर उज्ज्वला मॅडमना फोन करून सांगितलं. वर म्हटलं, "या, डोळ्यांनी पाहा!"

खेळ माझ्याच डोक्यातून निघालेला. अंगणात पांढऱ्या फक्कीचे पट्टे ओढले. कोणी ट्रॅक्टर, कोणी मोटारसायकल, ओम एसटी. बाकीच्यांनी हात धरून रांग करायची, दोन्हीकडे पाहायचं, हात वर करायचा आणि गाड्या थांबल्या की पलीकडे. पोरं तरबेज झाली!

मॅडम आल्या. मी म्हटलं, "अंगणात काय पाहता? फाट्यावर चला, खऱ्या रस्त्यावर दाखवते!" इथंच माझी अक्कल गहाण पडली.

फाट्यावर पुढे मदतनीस नंदाबाई, मागे मुलांची रांग. मी मॅडमकडे तोंड करून उभी, रस्त्याकडे पाठ. माझं स्वतःचं कौतुक सुरू होतं, आणि मॅडम खाली मान घालून ते वहीत लिहून घेत होत्या. तेवढ्यात दारव्ह्याची एसटी आली. मुलांनी झटकन हात वर केले. आता आमच्याकडे हात वर केला की एसटी थांबते, आणि थांबली की चढायचंच असतं. मुलांना काय, नंदाबाईलाही दुसरं काही माहीत नाही!

"पाहा मॅडम," मी न वळताच म्हटलं, "रस्त्यावर एक तरी मूल रेंगाळताना दिसतं का?"

"नाही हो, एकही दिसत नाही. गेली कुठं?"

वळून पाहते तर एसटी हललेली, आणि खिडकीतून आमची रांगेतली बबिता टाटा करतेय! लोकांची लेकरं! ड्रायव्हरला दिसावं म्हणून मी पदर खोचून थेट रस्त्याच्या मधोमध धावले. कचकन ब्रेक वाजला. ट्रॅक्टर माझ्यापासून हातभर अंतरावर!

"मरता काय बाई!" ट्रॅक्टरवाला रामधन ओरडला. "इकडंतिकडं पाहाव ना मानसानं!"

एसटी थांबली. कंडक्टर एकेका पोराला उतरवत म्हणाला, "कुठं जाता इचारलं, तं सारे म्हणतात पलीकडे! पलीकडेचं तिकीट कसं फाडू मी?"

"मले वाटलं सहल हाय, साधनाबाई," नंदाबाई मला म्हणाली. "तुमी काही सांगताच कुठं मले!"

मॅडमनी रस्त्यात पडलेली माझी चप्पल तेवढी आणून दिली. लाजेनं मला मान वर करवेना. माझ्या जागी एखादं पोर असतं तर?

दुसऱ्या दिवशी दारातून पाहते तर अंगणात खेळ रंगलेला. बबिता फ्रॉक खोचून मधोमध धावली, चप्पल भिरकावली, आणि सगळी पोरं एका सुरात ओरडली, "मरता काय बाई!"

मी गुपचूप दाराआड झाले. बाहेर ओम रडत होता, "मी नाही होत एसटी! मले बी साधनाबाई होऊ द्या ना!"