वानराची शेपटी आणि सायकलचं चेनकव्हर

मांडी घालून बसा, बाळांनो, आणि मध्ये बोलू नका. एका जंगलात एकच सायकल होती. ती जंगलपंचायतीची होती. म्हणजे चालवायची टिपऱ्या वानरानं आणि तिच्याबद्दल ठरवायचं बाकी सगळ्यांनी.

टिपऱ्या सायकलवरून घरोघरी औषधं पोचवायचा. त्याची शेपटी चांगली लांबलचक होती. काम संपलं की तिच्याच तोलावर उड्या मारत तो सागाच्या शेंड्यावर घरी जाई. तिथं पोरं वाट पाहत असत.

एकदा दगडावर आपटून सायकलचं चेनकव्हर तुटलं. टिपऱ्या घाबरून भर सभेत सरपंचाकडे गेला. सरपंच होता गवा.

"साहेब, तेवढं नवं चेनकव्हर बसवून द्या. शेपटी अडकेल हो माझी."

"त्या कव्हरानं चाक फिरतं का?" गव्यानं विचारलं.

"नाही."

"ब्रेक लागतो?"

"नाही. ते नुसतं शेपटी वाचवतं."

"इतकी वर्षं कव्हर होतं. एकदा तरी अडकली शेपटी?"

"एकदाही नाही, साहेब."

"बघा!" गवा सभेकडे वळला. "जे कधी घडलंच नाही, त्याच्यासाठी म्हणे कव्हर!"

सभेनं माना डोलावल्या. सभेत सायकल चालवणारं कोणी नव्हतं. सल्लागार तरस म्हणाला, "शेपटी कमरेला बांध की." त्याची स्वतःची आखूड होती.

टिपऱ्यानं शेपटी बांधली. उतारावर गाठ सुटली. पुढचं सांगत नाही, तुम्हाला अजून जेवायचंय.

शेपटी गेली. जंगल हळहळलं. पंचायतीनं टिपऱ्याचा शाल आणि नारळ देऊन सत्कार केला. गव्यानं लांबलचक भाषण केलं. शाल पांघरूनच टिपऱ्या सायकलवर बसायला लागला, तसा गवा ओरडला, "अरे, शाल काढ आधी! चेनमध्ये जाऊन फाटेल ना!"

टिपऱ्यानं हात जोडले. "साहेब, आता तरी कव्हर बसवा."

गव्याला खरोखर नवल वाटलं. "आता कशाला? शेपटी कुठाय तुला?"

टिपऱ्या आता सागाच्या बुंध्याशी झोपतो. पोरं वरून हाका मारतात. मला त्या गव्याचा फार राग येतो. पण तो दर वेळी बिनविरोध निवडून येतो, त्याला मी काय करणार?

तात्पर्य: सायकलचा एखादा बारकासा भाग बदलावा की नाही, असा प्रश्न पडला तर मुळीच घाई करू नये. थोडी कळ काढावी. ज्याच्यासाठी तो भाग हवा असतो, तेच उरत नाही आणि प्रश्न मिटतो.