भर रस्त्यातली खुर्ची

दुपारचं जेवण झालं की यशवंत मास्तर घरातली खुर्ची उचलून भर रस्त्यात मांडतात आणि तिच्यावर ठाण मांडून बसतात. डिचोलीकडच्या आमच्या गावातून खनिजाचे ट्रक जातात, ते सगळे थांबतात. ट्रकांमागे म्हापशाची बस थांबते. आणि बसमध्ये मी, रागाने लाल.

मास्तरांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतर जवळ एकच शब्द उरला. डिस्टॅबिलाइज! पोदेराने पाव उशिरा आणला, डिस्टॅबिलाइज. चहात साखर कमी, डिस्टॅबिलाइज. अर्थ विचारायची सोय नाही. "अस्थिर करप! पाडप न्हय रे. पाडलेलो मनीस उठून उबो रावता. डिस्टॅबिलाइज केल्लो पडनाय आनी उबोय रावना!"

शेजारच्या काशिनाथाशी त्यांचं बोलणं गोव्याची राजभाषा कोणती, या भांडणात तुटलं. मास्तर मराठीवाले, काशिनाथ कोंकणीवाला. मराठीसाठी मास्तर भांडले ते कोंकणीतून, आणि काशिनाथाने त्यांना सुनावलं ते मराठीतून, चांगलं झोंबावं म्हणून. पुढे गोवा राज्य झालं, गावभर पेढे वाटले. या दोघांनी एकमेकांचा पेढा घेतला नाही. असली ही माणसं!

त्या दिवशी मला भाचीच्या साखरपुड्याला पोचायचं होतं. पुढच्या ट्रकमधून सावंतवाडीकडचा ड्रायव्हर ओरडत होता, "मास्तरानू, उठा हो! खेप चुकता माझी!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खुर्ची मास्तरांसकट उचलून गटारात टाकायची, असं ठरवूनच मी खाली उतरलो.

"उठा आधी!" मी ओरडलो.

मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं. "ओगी राव. काशिनाथाची भागी न्हिदल्या."

भागी म्हणजे काशिनाथाची बायको. गेल्या पावसाळ्यापासून अंथरुणाला खिळलेली. रात्रभर कण्हायची, डोळा लागायचा तो दुपारी. आणि ट्रक गेला की त्या घराच्या भिंती हादरत, फळीवरची भांडी खाली येत. ट्रकवाल्यांना सांगून सगळे थकले होते. ऐकतो कोण!

"काशिनाथाक खबर आसा?" मी विचारलं.

"ताका सांगशीत तर याद राख!" मास्तर तापले, पण कुजबुजतच. "मास्तर हारलो म्हणतलो."

तेवढ्यात ड्रायव्हरने हॉर्न दाबला. मी उलटा फिरून त्याच्यावरच धावलो. "इंजीन बंद कर! दुयेंत बायल न्हिदल्या थंय, डिस्टॅबिलाइज करता तिका?" एवढा संताप आणि एवढा हळू आवाज, घसा दुखला माझा. त्याला शब्द कळला नसावा. पण त्याने इंजिन बंद केलं.

काशिनाथाचं दार उघडलं. तो पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आला, तो खुर्चीच्या पायाशी ठेवून परत गेला.

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. दार लागल्यावर मात्र तांब्या उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.