केर्बबाईंना खांदा

जर्मनीतल्या लान नदीकाठच्या वाइडनफुर्टचा इतिहास आपल्याइतका गावात कुणालाच ठाऊक नाही, अशी शिरीषरावांची खात्री झाली होती. उभ्या आयुष्यात त्यांना कशाची खात्री वाटण्याची ही पहिलीच वेळ. पुण्यात चौतीस वर्षं ग्रंथपाल होते, तरी कपाटातलं पुस्तक काढताना त्या पुस्तकाचीच परवानगी मागितल्यासारखे वागायचे. इथे मुलाकडे, विनयकडे, राहायला आल्यावर गावाच्या इतिहासाचा एक जाडजूड ग्रंथ हाती लागला. शब्दकोश मांडीवर घ्यायचा आणि रोज एक पान. स्वारी १७८४च्या पुरापर्यंत पोचली होती. कोणत्या घराच्या भिंतीवर पुराची खूण किती उंच आहे, हे ते झोपेतही सांगू शकले असते.

गावातल्या चालीरीतींचं प्रकरण अगदी शेवटी होतं. क्रमाने येईल तेव्हा येईल. पानं गाळणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

सप्टेंबरातल्या एका सोमवारी दुपारी ते बाल्कनीत वाचत होते. सूनबाई, नंदिनी, आत लॅपटॉपवर मीटिंगमध्ये. इतक्यात खालून रडारड ऐकू आली. वाकून पाहतात तो काळ्या कपड्यांतली तीस-चाळीस माणसं. बायका टॉवेलएवढे रुमाल डोळ्यांना लावून हंबरडा फोडतायत. चौघांच्या खांद्यावर शिडी, आणि शिडीवर पांढऱ्या चादरीखाली कुणीतरी.

म्हणजे तिरडीच की ही.

"कोण गेलं?" शिरीषरावांनी धीर करून जर्मनमध्ये विचारलं.

सगळ्यांच्या पुढे कोपऱ्यावरचे खाटीक हेर, म्हणजे श्रीयुत, क्लाइन होते. छाती पिटत ते ओरडले, "दी केर्ब इस्ट टोट!"

टोट म्हणजे मृत. आधी 'दी' लागलं, म्हणजे स्त्रीलिंगी. व्याकरण त्यांचं पक्कं होतं. कुणी केर्ब नावाच्या बाई गेल्या बिचाऱ्या.

फेब्रुवारीत सुधा गेली, ती इथेच. काळे हातमोजे घातलेली सहा अनोळखी माणसं तिला न्यायला आली. पन्नास वर्षांच्या संसारानंतर एवढं तरी, म्हणून शिरीषराव खांदा द्यायला पुढे झाले, तर एकाने अदबीने हात आडवा धरला. "निश्त न्योटिश." गरज नाही. घरी येऊन त्यांनी ते शब्द अर्थासह वहीत टिपून ठेवले. रडले मात्र नाहीत. तेव्हाही नाही, नंतरही नाही. "बाबा, मोकळे व्हा," विनय म्हणायचा. ते कसं व्हायचं, हे शब्दकोशात दिलेलं नव्हतं. उजवा खांदा तेवढा सात महिने उगाच दुखत होता.

त्यांनी नंदिनीच्या कुंड्यांतली झाडून सगळी लाल जिरेनियमं खुडली आणि जिना उतरले. फुलं चादरीवर वाहिली. एका खांदेकऱ्याला म्हणाले, "बिटं." कृपया. तो गोंधळून बाजूला झाला.

शिडी हलकी होती. फारच हलकी. दुखण्याने माणसाचं असंच होतं. सुधालाही शेवटी शेवटी ते एका हाताने उठवून बसवत.

आणि मग त्यांना आवरेना. नाक वाहतंय, चष्मा घसरतोय, आणि तोंडातून जो आवाज निघतोय तो आपला आहे यावर त्यांचाच विश्वास बसेना. आधी रुमालवाल्या बायका गप्प झाल्या. मग हेर क्लाइन. कुणीतरी टोपी काढली. नदीपर्यंत एकटे शिरीषरावच रडत होते.

काठावर शिडी उतरवली. त्यांनी हात जोडले, आणि निरोप दिल्यावर मागे वळून पाहायचं नसतं म्हणून तडक घराची वाट धरली. पाठीमागून धुराचा वास आला. मग चक्क बँड वाजला. एकेकाची रीत, असं म्हणून त्यांनी मान वळवली नाही.

"नंदिनी, मला शिवू नकोस," ते दारातूनच म्हणाले. "आधी आंघोळ."

"अहो बाबा, झालं काय? आणि माझी फुलं कुठायत?"

"केर्बबाईंना वाहिली. गेल्या त्या."

"कोण केर्बबाई?"

नातीला, अन्वीला, मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच. ती हसत सुटली आणि भराभरा काहीतरी बोलली. ऐकता ऐकता नंदिनीचा चेहरा उतरला.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "केर्ब म्हणजे गावची जत्रा. जत्रा संपली की हे लोक तिची अंत्ययात्रा काढतात. खोटं खोटं रडतात, आणि गवताचा भारा नदीकाठी नेऊन जाळतात."

शिरीषराव अजून पायपुसण्यावरच उभे होते.

"गवत?"

"हो, बाबा."

"तरीच हलकी."

आंघोळ त्यांनी केलीच. बाहेर आले तेव्हा अन्वी क्लासला गेली होती, नंदिनी पुन्हा मीटिंगमध्ये, आणि बेल वाजत होती. दारात हेर क्लाइन, हातात वाइनची बाटली. दरवर्षी सगळ्यांत छान रडणाऱ्याला बक्षीस असतं म्हणे. यंदा एकमताने. ते आणखीही काही बोलले, टोपी चुरगाळत, जमिनीकडे बघत.

मीटिंग संपवून नंदिनी आली, तेव्हा बाटली टेबलावर होती आणि शिरीषराव वहीत काहीतरी लिहीत होते.

"तुम्ही ते शेवटचं प्रकरण आधी वाचायला हवं होतं, बाबा."

"सुधा कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचायची. मी रागवायचो तिला."

नंदिनीने बाटली उचलली. लेबल बघत तिने विचारलं, "काय म्हणत होते?"

"पुढच्या वर्षी पुन्हा खांद्याला बोलावलंय."

"मग? जाणार?"

शिरीषरावांनी वही मिटली.

"जायला हवं," ते ओशाळून म्हणाले. "गरज आहे म्हणाले."