अकरावी रेघ

डाव्या पाळण्यात एक आणि उजव्या पाळण्यात एक, अशा माझ्या दोन्ही मुली टक लावून माझ्याकडे पाहत होत्या. बारा दिवसांच्या जिवांना न शोभणाऱ्या शांतपणाने. दारात सासूबाई ओल्या दुपट्यांची बादली घेऊन थबकल्या होत्या. आणि दोन पाळण्यांच्या मधोमध, भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या माझ्या फळ्यावर, अकरा रेघा होत्या.

अकरा ही संख्या विषम आहे. एरवी माझी त्याबद्दल काही तक्रार नसते.

सकाळी मी फार खुशीत होतो. गेली सोळा वर्षं मी बीजगणित शिकवतो, आणि त्यातही क्रमचय हा माझ्या जिव्हाळ्याचा भाग. वस्तूंची कितीही उलथापालथ करा, ती शेवटी दोन-दोनांच्या अदलाबदलींचीच बनलेली असते. आणि त्या अदलाबदली सम की विषम, हे ब्रह्मदेवालाही लपवता येत नाही. त्यामुळे दवाखान्यात बांधलेल्या ओळखपट्ट्यांनी मुलींच्या मनगटांवर पुरळ उठलं, तेव्हा मी बेधडक कात्री चालवली.

"आता ओळखायचं कसं?" बायकोनं चप्पल घालता घालता विचारलं. ती टाके दाखवायला निघाली होती.

"डावीकडे थोरली, उजवीकडे धाकटी. जागा बदलल्या की फळ्यावर एक रेघ. रेघा सम, तर बरोबर. विषम, तर उलट. इतकं सोपं आहे."

"तू सोपं म्हणालास की काहीतरी हमखास बिघडतं. उद्या नावं नोंदवायची आहेत, लक्षात ठेव."

तिची काळजी मला कळत होती. ती स्वतः जुळ्यांतली. बहिणीपेक्षा दहा मिनिटांनी मोठी. त्या दहा मिनिटांच्या भांडवलावर तिनं आजवर खिडकीजवळचा पलंग, आईच्या बांगड्या आणि प्रत्येक भांडणातला शेवटचा शब्द मिळवला आहे. बहीण अजून तिला ताई म्हणते.

ती गेली. डाव्या पाळण्यावर ऊन आलं, अदलाबदल. ऊन एकीलाच का, म्हणून पुन्हा अदलाबदल. मग पंख्याचा वारा, मग खिडकीतली माशी. मी आत गेलो की सासूबाई जागा बदलत, त्या चहा टाकायला गेल्या की मी. दुपार कलली तेव्हा फळा एखाद्या कैद्याच्या भिंतीसारखा दिसत होता.

"जावईबापू, माझ्या चार," सासूबाई अखेर म्हणाल्या.

"माझ्या सहा."

"मग दहा झाल्या की."

"दहाच व्हायला हव्यात."

दोघांनी बोट लावून पुन्हा मोजल्या. अकरा.

माझ्या रेघा तिरप्या, सासूबाईंच्या आखूड आणि ठसठशीत. अकरावी मात्र निराळीच होती. केसासारखी बारीक, थरथरती, फळ्याच्या अगदी खालच्या अंगाला. नेमकी पाळण्यांच्या उंचीवर.

"कुणी आलं होतं का?"

"कडी लावलेली आहे," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या.

मी वाकून पाहिलं. डाव्या पाळण्यातल्या मिटल्या मुठीवर काहीतरी पांढरं होतं. पावडर असावी. मी बोट लावून पाहिलं नाही.

तेवढ्यात बायको परतली. "थोरली कुठली?"

सासूबाईंनी डावीकडे बोट केलं. त्यांचा विश्वास दहावर. मी उजवीकडे केलं. माझा फळ्यावर.

झाला प्रकार ऐकताना ती हळूहळू खुर्चीत बसली. "म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून माझी थोरली हरवलीत."

"हरवली नाही. दोघीही इथेच आहेत. फक्त समविषमता..."

"अजून एक शब्द बोल."

तिनं एकीला उचललं, खूप वेळ न्याहाळलं, मग दुसरीला. आईला बरोबर कळतं, असं मी ऐकून होतो. तिनं दोघींना परत ठेवलं. पाळण्यांतून दोन्ही चेहरे एकाच क्षणी, ओठांच्या एकाच कोपऱ्यातून हसले.

"उगाच जीव टांगणीला लावू नका," सासूबाईंनी बादली खाली ठेवली. "आता जी आधी रडेल, तिला थोरली म्हणा. म्हणत राहायचं फक्त. दोन वर्षांत तीच थोरली होते. ताईपणा आपसूक अंगात मुरतो. तिला स्वतःला कळत नाही, तर बाकीच्यांना काय कळणार?"

बायकोनं मान वळवली. तिच्या चेहऱ्यावरची दहा मिनिटं एकेक करून गळत असलेली मला दिसत होती.

"आई," ती म्हणाली, "तुला कसं माहीत?"

सासूबाईंनी बादली उचलली, आमच्या दोघांमधून वाट काढली, आणि गच्चीचा जिना चढू लागल्या.