मोतीरामकाकांचा थरथरणारा फोन

मोतीरामकाकांना कोणी नवीन फोन दाखवला, तर ते किंमत विचारत नाहीत, कॅमेरा किती चांगला हेही विचारत नाहीत. म्हणतात, "गाणं लाव." गाणं सुरू झालं की डोळे मिटतात आणि आपली जाड बोटं फोनच्या काचेवर टेकवतात. म्हैस गाभण आहे का ते पाहताना जाणता माणूस तिच्या पोटाला हात लावतो, अगदी तसं. मग डोळे उघडून फोन परत देतात आणि ज्याने हौसेने तो विकत घेतला त्याच्याकडे दुःखाने पाहतात.

"ढिला हाय," ते म्हणतात.

मी अमरावतीत त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझे वडील परतवाड्याहून काळीपिवळी जीप चालवतात आणि आमच्या घरात कॉलेज आतून पाहणारा मी पहिलाच. त्यामुळे मोठ्या माणसांबद्दल असं काही लिहावं की नाही, याची मला जरा धाकधूक आहे. पण काकांना मी विचारलं होतं. ते म्हणाले, "लिही ना. फक्त ढिलं लिहू नको."

काका आयुष्यभर जिनिंगच्या कारखान्यात फिटर होते. सरकीपासून कापूस वेगळा करणाऱ्या त्या मशिनी दिवसभर धडधडत असतात. तिथे कान कामाचे राहत नाहीत. कोणती मशीन बिघडणार, हे तळहात टेकवून ओळखायचं. नोकरी संपली, पण हाताची सवय गेली नाही. त्यांच्या खिशात सायकलच्या ट्यूबचे तुकडे असतात. कुठे काही थरथरलं की त्याखाली एक तुकडा सरकवतात. आमचा फ्रिज, मोटर, देवघराचा पाट, माझं टेबल, सगळं रबरावर उभं आहे. एसटीत बसले की खिडकीच्या फटीत रबर जातं. एकदा शेजारच्या वरातीत ते थेट डीजेच्या गाडीपुढे गेले आणि त्या भल्यामोठ्या स्पीकरवर दोन्ही हात ठेवून, डोळे मिटून उभे राहिले. ते बोल्ट तपासत होते. मागून येणाऱ्या दोन बायकांना वाटलं, काहीतरी पूजा आहे. त्यांनीही हात लावून नमस्कार करून घेतला.

"थरथर म्हंजे ढिलं," हे त्यांचं आवडतं वाक्य. "अन् ढिलं म्हंजे आज नाई तं उद्या गळन."

काकू जाऊन बरीच वर्षं झाली. एकच मुलगी, सुरेखाताई. ती अकोल्याला असते. तिचं आणि दिनेशभाऊंचं तिथे मोबाईलचं दुकान आहे. काकांचा जुना फोन बंद पडला तेव्हा त्यांनी नवा तिथूनच घेतला. त्याला दोन स्पीकर आहेत, एक खाली आणि एक वर, कानाशी. आवाज मोठा केला की अख्खी काच हाताला मुंग्या आल्यासारखी थरथरते.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला खाली बोलावलं.

"ये सायन्सवाल्या. हात लावून पाह्य. लागते का?"

"लागते," मी म्हणालो. "पण काका, दोन स्पीकर असले की असं होत असावं. आत जागा कमी असते, हवा हलते, त्याने काच हलते. बहुतेक."

"बहुतेक? पेपरात बी असंच लिवतं काय बे?"

 पेपरात मी खरंच तसंच लिहितो.

तेव्हापासून दर रविवारी काका इस्त्रीचा सदरा घालून, घरून पाण्याची बाटली भरून घेऊन, अकोल्याच्या बसमध्ये बसू लागले. फोनची तक्रार करायला. दिनेशभाऊंनी फोन बदलून दिला. तोही थरथरला. पुन्हा बदलला. तोही तसाच. काका न चिडता पुढच्या रविवारी पुन्हा हजर.

शेवटी दिनेशभाऊंचा मला फोन आला. ते फार सभ्य माणूस. सासऱ्यांना तोंडावर बोलणं त्यांना जमणारं नव्हतं.

"भाऊ, तू सायन्सवाला आहे म्हंते. मामाजीले समजावून सांग ना. रविवारीच तं गिऱ्हाईक येते. अन् हे दुकानात बसून येनाऱ्या-जानाऱ्याच्या फोनले हात लावून 'ढिला हाय, ढिला हाय' म्हनून राहिले. काल एक जन घेतलेला फोन ठेवून चालला गेला."

माझ्यावर कोणी विश्वासाने काम सोपवलं, की मला ते नीट करावंसं वाटतं. पुढच्या रविवारी मी काकांसोबत निघालो. मूर्तिजापूरपर्यंत त्यांनी बसच्या इंजिनाबद्दल वाईट बोलून घेतलं आणि नंतर झोपले.

दुकान खाली आणि घर त्याच्याच वर, मधे एक जिना. काकांनी गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला स्टूल पुसला, खाली रबर सरकवलं आणि बसले. घरी ते दिनेशभाऊंना 'जवाईबापू' म्हणतात. इथे म्हणाले, "दुकानदार, तुमचा माल पुन्हा थरथरून राहिला."

सुरेखाताई जिन्यातून खाली आली. हातात पाण्याचा तांब्या होता.

"बाबा, वर चला. भाकर टाकली. वांग्याचं भरीत केलं."

"मी गिऱ्हाईक हाव बाई. गिऱ्हाईक कोनाच्या घरात जाते काय?" त्यांनी पिशवीतून आपली बाटली काढली आणि घोट घेतला. मग समोरच्या टपरीवरून सगळ्यांसाठी चहा मागवला, तोही स्वतःच्या नावावर.

ताई तांब्या घेऊन तशीच उभी राहिली. मग वर गेली.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, असं आमच्याकडची काही जुनी माणसं पाळतात. आता पुष्कळांनी सोडून दिलंय. सुरेखाताईच्या लग्नाला खूप वर्षं झाली आहेत. तिला मूल नाही. काका त्या जिन्याची पहिली पायरीही तोवर कधी चढलेले नव्हते.

हे मला तेव्हा दिसलं, पण मी ज्या कामासाठी आलो होतो तेच माझ्या डोक्यात होतं. मी दिनेशभाऊंना सांगितलं, दाखवायला ठेवलेले सगळे फोन काउंटरवर ओळीने मांडा आणि सगळ्यांवर एकच गाणं लावा. त्यांनी लावलं. गाणी थोडी मागेपुढे सुरू झाली, त्यामुळे दुकानात कीर्तनाच्या शेवटी होतो तसा गलका झाला. काका एकेका काचेवर बोटं ठेवत पुढे सरकले. स्वस्त फोन थरथरला. मधला थरथरला. काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेला सगळ्यात महागडा काढला, तर तो सगळ्यांहून जास्त थरथरला.

गिऱ्हाइकंही गोळा झाली. कापडाचे व्यापारी असलेले एक चाचा आपला फोन पुढे करून म्हणाले, "मेरा भी देखो साहब." काकांनी पाहिला.

"ये भी हिलता."

"अरे, सालभर से वापरता हूँ! पता ही नहीं चला!" चाचा इतके खूश झाले की त्यांनी फोन आपल्या बायकोच्या हातात देऊन तिलाही थरथर दाखवली.

"बघा काका," मी म्हणालो. "दोन स्पीकरचा फोन असाच असतो. आतलं काही सुटलेलं नाही. हा बिघाड नाहीच."

या वेळी मी 'बहुतेक' म्हणालो नाही. मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

काका बराच वेळ ओळीतल्या फोनांकडे पाहत राहिले. "म्हंजे सगळेच थरथरते."

"सगळेच."

"मंग माही तक्रार मिटली म्हना."

दिनेशभाऊंनी माझा हात धरून दाबला. सुरेखाताई जिन्याच्या दारात येऊन उभी होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, "लईच हुशार हायेस रे तू." आठवडाभर मला ते कौतुकच वाटत होतं.

पुढच्या रविवारी काकांनी सदऱ्याला इस्त्री केली, घातला आणि ओसरीत बसले. थोड्या वेळाने फाटकाचा कडी-कोयंडा आवळला. मग वर येऊन माझ्या टेबलाखालचं रबर काढून त्याच जागी दुसरं ठेवलं. मी अभ्यास करत होतो. ते दाराशी घुटमळले.

"तुह्या फोनची काई तक्रार हाय काय?"

"नाही काका."

"ब्याटरी-गिटरी? अकोल्यात चांगली करून भेटते."

"चांगली आहे."

"चांगली हाय तं चांगली हाय," ते म्हणाले आणि खाली गेले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी पुस्तक मिटून खाली गेलो. काय बोलावं ते सुचत नव्हतं, म्हणून जे सुचलं तेच बोललो. "काका, तक्रार नसली म्हणून काय झालं? तुम्ही असेच जा ना. ते पाण्याचं वगैरे आता कोणी पाळत नाही."

मला वाटलं, रागावतील. ते रागावले नाहीत.

"मले का समजत नाई? तुही काकू होती तवाच म्हने, सोडून द्या हे. तवा सोडलं असतं तं सोपं होतं." त्यांनी ओसरीच्या खांबावर हात ठेवला, नुसताच. "आता इतके वर्सं पाळलं. आता म्या अचानक वर जाऊन पानी पेलो, तं बाईले काय वाटन? बाबानं आस सोडली. अन् 'नातू होईन तवाच पेईन' म्हनून बसलो, तं ते बी तिच्या छातीवर धोंडा. हिकून बी टोचते, तिकून बी टोचते. गिऱ्हाईक झालं की कोनाले काई टोचत नाई. तिले डोयानं पाह्यतो, चहा पेतो, येतो."

मी पायरीवर टेकलो. 

"तू जाय. अभ्यास कर," ते म्हणाले. "तुही काई चूक नाई. फोन खरंच चांगला हाय."

त्याच आठवड्यात सुरेखाताईने मला फोन केला. बाबा का आले नाहीत, तब्येत बरी आहे ना, असं विचारलं. काकांनी जे खांबाजवळ सांगितलं ते सांगायचा मला हक्क नव्हता. मी एवढंच म्हणालो, "ताई, ते म्हणतात, तक्रारच नाही तर कोणत्या तोंडानं जाऊ."

 ताई "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

शनिवारी संध्याकाळी मी भाडं द्यायला खाली गेलो होतो, तेव्हा काकांचा फोन वाजला. ते नेहमी स्पीकरवरच बोलतात, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"बाबा, आमचा कूलर लई थरथरून राहिला. पुरी भिंत हालते."

"खाली रबर ठेव."

"ठेवलं. तरी बी हालते. इथले मिस्त्री उन्हाळ्यात भाव खातात, कोनी येत नाई. तुम्ही या."

काका थबकले. "दुकानातला कूलर?"

"नाई, घरातला. वरचा."

"वरचा म्हंजे..."

"वरचा म्हंजे वरचा, बाबा! मिस्त्री काय खाली उभा राहून कूलर दुरुस्त करते काय?"  पुढचं ती एका दमात बोलली. "अन् मिस्त्री आला की मी पयले गिलासभर पानी देतो. कोनी बी असो. मंग काम सांगतो. हे आमच्या घरी पक्कं हाय."

काकांनी खिशातून रबराचा एक तुकडा काढून बोटांत फिरवला.

"नट किती नंबरचा हाय?" काकांनी विचारलं.

"मले काय मालूम? सगळे पाने घेऊन या."

फोन ठेवल्यावर काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी साक्षीला बोलावलेला माणूस असावा, तसं. "मिस्त्रीले तं पानी द्याच लागते," ते म्हणाले.

"द्यावंच लागतं," मी म्हणालो. "आमच्या गावाकडेही देतात."

रविवारी ते पहाटेच्याच गाडीने गेले. पान्यांची पिशवी इतकी जड होती की मी ती बसस्थानकापर्यंत नेऊन दिली. पाण्याची बाटली त्यांनी घेतली नव्हती. 

परत आले तेव्हा दिवे लागले होते. मी फाटक उघडलं, पिशवी हातात घेतली आणि विचारलं, "झाला कूलर?"

"त्याले काय झालं होतं? एक नट तिनंच ढिला करून ठेवला होता. धुळीवर बोटायचे ठसे होते." ते ओसरीच्या पायरीवर बसले आणि चपला काढू लागले. उन्हाने चेहरा काळवंडला होता. चपलेचा पट्टा सुटत नव्हता, ते खाली वाकून तिकडेच पाहत राहिले.

"पानी खारं हाय तिच्याकडचं," ते म्हणाले. "बोरचं हाय ना."

मी पिशवी ओसरीत टेकवली.

"दोन गिलास पेलो."