कै. सुचित्रादेवी, हयात

पुणतांबा स्टेशनपासून दोन कोसांवर, पाटाच्या कडेला, सोनखडी नावाच्या गावात १९४६ च्या जूनमध्ये एक आर्ट्स कॉलेज सुरू झाले. इमारत होती, बाके होती, तीन प्राध्यापक होते, पितळेची घंटा होती. विद्यार्थी अकरा होते. विद्यापीठाने परवानगी दोन वर्षांपुरती दिली होती, आणि तेवढ्यात पट शंभरावर न गेल्यास कॉलेज बंद समजावे, असे पत्रात स्वच्छ लिहिले होते.

प्राचार्य नृसिंह खरवंडीकर पुण्यातली कायमची नोकरी सोडून इथे आले होते. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना चार बुके शिकण्यासाठी घर सोडावे लागू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांच्या पत्नी प्रेमलाबाई यांची इच्छा कुणी विचारली नव्हती. संस्कृतचा तास घेताना समोर कधी चार, कधी तीन मुले असत. खरवंडीकर तरीही शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात शिकवत.

पहिल्या सुट्टीत ते स्वतः नगर, कोपरगाव, संगमनेर असे हिंडले आणि मॅट्रिक झालेल्या मुलांच्या वडिलांना भेटले. नगरच्या एका वकिलांनी त्यांना चहा दिला आणि खरे कारणही सांगितले.

"फी बेताची आहे, शिकवणारे चांगले आहेत, सगळं मान्य," वकील म्हणाले. "पण साहेब, नाव?"

कॉलेजचे नाव दगडाबाई आर्ट्स कॉलेज असे होते.

"उद्या आमच्या शामकांतला स्थळ सांगून आलं. मुलीकडची मंडळी विचारणार, चिरंजीव कुठं शिकले. मी काय सांगू? दगडाबाईकडे?"

खरवंडीकरांनी चहा संपवला. पुण्याच्या मित्रांना पत्रे लिहिताना ते स्वतःही पत्त्यात नुसते 'आर्ट्स कॉलेज, सोनखडी' एवढेच लिहीत.

दगडाबाई ही गावातली साठी उलटलेली विधवा. तिच्या आधीच्या तीन बहिणी पाळण्यातच गेल्या, म्हणून चौथीला कुणाची नजर लागू नये अशा हेतूने आईने तिचे नाव दगडा ठेवले, आणि ती जगली. तिला मूलबाळ नव्हते. पाटाखालच्या अकरा एकरांपैकी नऊ एकर तिने कॉलेजला बक्षीस दिले आणि दोन स्वतःच्या भाकरीपुरते ठेवले. बक्षीसपत्रात तिची एकच अट होती: कॉलेजला देणाराचे नाव असावे, नसल्यास जमीन परत.

अट कशासाठी, असे तेव्हा खरवंडीकरांनीच विचारले होते.

"माझं नाव लिवल्यालं मी कदी बघितलं न्हाई, मास्तर," ती म्हणाली होती. "उताऱ्यावर हाय म्हनत्यात, पन उतारा तलाठ्याच्या कपाटात. एकडाव मोठ्या अक्षरात बघू द्या."

पाटी लागल्यापासून दर बाजाराच्या दिवशी ती फाटकाशी थांबत असे. तिला वाचता येत नव्हते, पण पहिली तीन अक्षरे तिने खरवंडीकरांकडून ओळखून घेतली होती. ती तेवढीच बघायची आणि बाजाराला जायची.

पट वाढत नाही असे दिसल्यावर कॉलेज चालवणाऱ्या संस्थेने नाव-उपसमिती नेमली. अध्यक्ष कानिफनाथ ढोकचौळे. हे संस्थेचेही अध्यक्ष होते आणि दगडाबाईच्या नवऱ्याचे सख्खे पुतणेही होते. उपसमितीने जिल्ह्यात दौरे केले, सत्तर पालकांच्या साक्षी घेतल्या आणि चार महिन्यांनी अहवाल दिला. अहवालाचा सारांश असा: कॉलेजच्या नावात किमान एक जोडाक्षर असावे, त्याने विद्वत्तेचा भास होतो. नाव चार अक्षरांहून लहान नसावे. ट, ठ, ड आणि ढ ही अक्षरे ऐकताना ढेकळे फुटल्यासारखी वाटत असल्याने सुसंस्कृत पालक त्यांस बिचकतात, सबब ती वर्ज्य करावीत. अहवालाखाली 'कानिफनाथ ढोकचौळे' अशी सही होती.

सगळ्या कसोट्यांना 'सुचित्रादेवी' हे नाव उतरले. सुचित्रा कोण, हा प्रश्न उपसमितीच्या कक्षेत येत नव्हता.

"पण बक्षीसपत्रातली अट आहे," खरवंडीकर बैठकीत म्हणाले. "नाव बदललं तर जमीन जाईल."

"कॉलेजचं नाव बदलायचं कुणी म्हणालं?" कानिफनाथ शांतपणे म्हणाले. "देणाराचं नाव कॉलेजला पाहिजे, ते राहीलच. आपण देणाराचं नाव बदलू."

सरकारी गॅझेटात जाहिरात देऊन कुणालाही नाव बदलता येते, हे खरवंडीकरांना ठाऊक होते. त्यांनी या युक्तीत कायदेशीर दोष शोधला. सापडला नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर रिकामी बाके होती, म्हणून दगडाबाईची समजूत घालायला ते स्वतःच गेले.

ती शेतात कांदा खुरपत होती. तिने सगळे ऐकून घेतले.

"आन् मला हाक कोन मारनार त्या नावानं?"

"कुणी नाही, बाई. ते फक्त कागदावर. गावात तुम्ही दगडाबाईच."

"कागदावर हुतं तेवडंच तर मी मागितलं हुतं," ती म्हणाली. मग तिने खुरपे बाजूला ठेवले. "तुमची पोरं येतील का पन?"

"येतील."

"मग घ्या अंगटा."

घरी आल्यावर खरवंडीकरांनी प्रेमलाबाईंना हे सांगितले. त्या ताट वाढत होत्या. "तिचं झालं," त्या म्हणाल्या. "आता तुमच्याकडे कधी वळतात ते बघा." खरवंडीकरांना हे बोलणे अप्रस्तुत वाटले.

पंधरा ऑगस्टला देश स्वतंत्र झाला आणि सोळा ऑगस्टला कॉलेजची पाटी बदलली. पुढच्या बाजाराच्या दिवशी दगडाबाई फाटकाशी थांबली, नवी अक्षरे बघितली, ओळखीची तीन सापडेनात तेव्हा पिशवी दुसऱ्या हातात घेऊन चालू लागली. त्यानंतर ती शेतातून आडवाटेने बाजाराला जाऊ लागली. खरवंडीकरांनी हे खिडकीतून पाहिले. पण त्याच आठवड्यात एकोणतीस नवे विद्यार्थी आले होते, त्यामुळे त्यांना वेळ नव्हता.

पट चाळिसावर जाऊन थांबला. उपसमिती पुन्हा दौऱ्यावर निघाली. या खेपेस पालक नावावर खूश होते, मात्र एक शंका बहुतेकांनी बोलून दाखवली. बाई हयात आहेत काय? हयात असल्यास कॉलेज अगदीच नवे असणार. जी नावे मोठी म्हणून गाजली ती सगळी गेलेल्या माणसांची होती. हयात माणसाच्या नावाने कॉलेज म्हणजे जरा उतावळेपणाच.

नवव्या बैठकीत ठराव आला: 'कॉलेजच्या नावाआधी कै. ही अक्षरे लावण्यात यावीत. सुचित्रादेवी दिवंगत झाल्या आहेत असे या कामापुरते गृहीत धरण्यात यावे. यामुळे देणगीदारास कोणतीही तोशीस पडणार नाही.'

खरवंडीकर उभे राहिले. "बाई कालच मला पाटावर भेटल्या."

"दगडाकाकू भेटल्या असतील," कानिफनाथ म्हणाले. "सुचित्रादेवींना तुम्ही कधी भेटलात?"

हा मुद्दा बिनतोड होता. खरवंडीकर खाली बसले. ठरावाला त्यांचे मत विरोधी म्हणून नोंदवावे की तटस्थ, असे चिटणिसांनी विचारले. ते तटस्थ म्हणाले.

जानेवारीत पट एकशे छत्तीस झाला. आता संस्थापिकेची तसबीर नाही, हे बरे दिसेना. दगडाबाईचा फोटो काढून पाहिला, पण तो नावाशी जुळत नव्हता. कपाळावर आठ्या होत्या आणि हात कुठे ठेवायचे ते तिला कळले नव्हते. शेवटी कोपरगावच्या एका पेंटरने नाजूक चेहऱ्याची, हातात पुस्तक धरलेली बाई काढून दिली. तिला सभागृहात हार घातला. पुण्यतिथी फेब्रुवारीत धरली, कारण पुढे एप्रिलअखेर परीक्षा होत्या. त्या दिवशी 'सुचित्रादेवी: जीवन आणि कार्य' या विषयावर निबंधस्पर्धा झाली. बत्तीस निबंध आले आणि बत्तिसांत बत्तीस निरनिराळी जीवने होती. पहिला नंबर मिळालेल्या निबंधात देवी एका मोठ्या सरदार घराण्यात जन्मल्या होत्या. दगडाबाईही त्या दिवशी बायकांत मागे येऊन बसली होती. तिला पेढा मिळाला.

"लई भली बाई असनार," जाताना ती खरवंडीकरांना म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा आहे की काय ते त्यांना ठरवता आले नाही.

मार्चमध्ये तलाठी गावात आला. त्याच्याजवळ गॅझेट होते आणि कॉलेजचे छापील माहितीपत्रक होते. गॅझेटाप्रमाणे दगडाबाई नावाची व्यक्ती आता नव्हती, ती सुचित्रादेवी झाली होती. माहितीपत्रकाप्रमाणे सुचित्रादेवी वारल्या होत्या. तलाठी नियमाने चालणारा माणूस होता. त्याने उरलेल्या दोन एकरांचा वारस शोधला, तो फार लांब सापडला नाही. फेरफार कानिफनाथ ढोकचौळे यांच्या नावे झाला.

दगडाबाई प्रथमच कॉलेजच्या कचेरीत आली. ती खुर्चीवर बसली नाही.

"मास्तर, तलाठी म्हनतो मी मेले. मी म्हनलं, समोर हुबी हाय. तो म्हनतो, हुबी कोन हाय त्याचा दाखला आना. तुमच्या कॉलेजचा दाखला चालंल म्हनला. तुमीच मारलं न्हवं, तुमीच लिवून द्या."

खरवंडीकर तीन दिवस विचार करत होते. दाखला दिला तर माहितीपत्रक खोटे ठरत होते, आणि माहितीपत्रक खोटे ठरले तर परवानगी कायम होण्याच्या ऐन महिन्यात एकशे छत्तीस मुले रस्त्यावर येत होती. कानिफनाथांनी तर सगळ्यांसमोर सांगितले की काकूंना शेतातून कुणी हलवणार नाही, त्या मरेपर्यंत खुशाल कसोत. सरकारदरबारी त्या मेलेल्याच असल्याने ही मुदत संपली होती, हे कुणाच्या लक्षात आले नाही. गावाने त्यांचे औदार्य वाखाणले.

चौथ्या दिवशी खरवंडीकरांनी दाखला लिहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी संस्थेला न विचारता काही केले. संस्थापिका हयात आहेत, त्यांचे मूळ नाव दगडाबाई, कांदा चांगला पिकवतात, हे सगळे लिहून त्यांनी खाली सही केली, दाखला तलाठ्याकडे पाठवला आणि एक प्रत विद्यापीठाला धाडली. त्या दिवशी त्यांना दोन वेळा भूक लागली.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. विद्यापीठाने कॉलेजची परवानगी कायम केली होती, पट आणि नावलौकिक पाहून समाधान व्यक्त केले होते. शेवटी एक परिच्छेद होता: 'आपल्या कॉलेजच्या संस्थापिका कैलासवासी असल्याने त्यांच्या हयातीबाबत येथून पत्रव्यवहार करता येत नाही. तसेच सदर पत्रावर नृसिंह खरवंडीकर अशी सही आहे. आपल्या माहितीपत्रकानुसार त्या नावाचे कुणी प्राचार्य नाहीत. अशा अनधिकृत पत्रांस आळा घालावा.'

खरवंडीकरांनी माहितीपत्रक उघडले. मुखपृष्ठापलीकडे ते त्यांनी कधी वाचले नव्हते. तिसऱ्या पानावर प्राचार्य म्हणून 'रविकांत खरवंडीकर' छापले होते.

"उपसमितीच्या अहवालात होतं ते," कानिफनाथ म्हणाले. "पान एकोणीस. नृसिंह म्हटलं की खांब फोडून काहीतरी बाहेर येतंय असं मुलींच्या आईबापांना वाटतं. आमचा तुमच्यावर काही राग नाही. पंधरा दिवसांत गॅझेटात नाव बदलून घ्या, म्हणजे जागा तुमचीच. नाहीतर रविकांत नावाच्या माणसांचे तीन अर्ज आलेले आहेत."

"आणि दाखला?"

"तलाठ्याकडून तो परत आलाय. रविकांतांनी दिला तर बघू."

चौदाव्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत, खरवंडीकर फाटकाबाहेर पाटाच्या मोरीवर येऊन बसले. गॅझेटाचा अर्ज खिशात होता. पत्ता, वय, कारण, सगळे भरून झाले होते, सहीची जागा तेवढी मोकळी होती. सही कोणत्या नावाने करायची, हे अर्जात कुठे लिहिले नव्हते. मोरीच्या दुसऱ्या टोकाला दगडाबाई भाकरी खात बसली होती. तिने अर्धी भाकरी आणि कांदा त्यांच्यापुढे केला. त्यांनी घेतला.

पुणतांब्याच्या बाजूने एक टांगा आला. त्यातून टोपी घातलेले एक गृहस्थ उतरले, मागे त्यांची मुलगी.

"ही आमची लीना," ते म्हणाले. "नाशिकहून आलो. हिला इथं घालायचं मनात आहे. तुम्ही इथलीच माणसं दिसता. खरं सांगा, कॉलेज कसं आहे?"

खरवंडीकरांच्या तोंडात घास होता. तो गिळून ते सगळे सांगणार होते, पाटीपासून तसबिरीपर्यंत, पान एकोणीसदेखील. तसे त्यांनी ठरवलेच होते.

दगडाबाईने त्यांच्याकडे पाहिले, मग मुलीकडे.

"नाव चांगलं हाय," ती म्हणाली.

"तेच म्हणतो मी," गृहस्थांना हायसे वाटले. त्यांनी लीनाला पुढे घातले आणि फाटकातून आत गेले. कोण शिकवते, काय शिकवते, ही बाई कोण, हा भाकरी खाणारा माणूस कोण, यातले त्यांनी काही विचारले नाही. विचारणारा शहाणा बाप अजून सोनखडीला यायचा आहे. तुम्ही येणार असाल तर माहितीपत्रक टपालाने फुकट पाठवतात.

घंटा झाली. खरवंडीकरांनी हात पाटात धुतले, धोतराला पुसले, आणि मोरीवरच अर्ज ठेवून सही केली. पुढचा तास रविकांतांचा होता.