राठोडच्या दोन बादल्या

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी राठोडचं नाव काढलं की मी विषय पाणीटंचाईवर नेत असे, आणि यवतमाळात तो विषय कधी कमी पडत नाही. आता पंच्याहत्तरी उलटली. टाळायला फारसा वेळ उरलेला नाही.

आमच्या कार्यालयाची यंत्रं सांभाळणारा थावरसिंग राठोड रोज सकाळी दहाला येई, चपला काढी आणि हजेरीच्या वहीत सही करण्याआधी इमारतीमागच्या एका खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओती. खड्ड्यात झाड नव्हतं, रोपही नव्हतं. मीठ, कोळसा आणि तांब्याची एक पट्टी, एवढंच. ती आमच्या यंत्रांची अर्थिंग होती, जादा वीज जमिनीत उतरायची वाट. गावाला चार दिवसांआड नळ, आणि हा माणूस मातीला पाणी पाजतो म्हटल्यावर आधी लोक चिडले, मग हसले आणि शेवटी आमच्या शिपायानं तिथं उदबत्ती लावली. एका मंगळवारी तर दोन बाया नारळ घेऊन आल्या. राठोडनं तो फोडला, त्यांना प्रसाद दिला आणि उरलेला स्वतः खाल्ला.

"अरे, फसवतोस काय त्यांना?" मी म्हणालो.

"फसवू कायले, बाबूजी? याडीच हाय ते." याडी म्हणजे त्यांच्या बंजारा गोरबोलीत आई. "आंगातलं सारं वंगाळ तिले देऊन टाका लागते. पयले जमिनीले हात, मंग मशीनले."

हे त्याचं पालुपद होतं. दिवसातून वीसदा तरी ऐकू येई.

आमचं कार्यालय कापूस खरेदी केंद्रांचं काम बघे. कापसाचे ते दिवस वाईट होते. पिकलं तर भाव नाही, भाव आला तर पिकलेलं नाही. उद्या कोणत्या केंद्रावर कुणाच्या गाड्या घ्यायच्या, त्याची यादी रोज संध्याकाळी आमच्याकडून सोळाही तालुक्यांना जाई. यादी पोचली नाही तर केंद्राचं फाटक उघडत नसे. या याद्या वाटेला लावायचं काम एका राऊटरचं होतं. लोखंडी कपाटाएवढं ते यंत्र एका बंद खोलीत घोंघावत असे. यंत्र राठोडच्या ताब्यात आणि खोलीची चावी माझ्या, कारण मी मुख्य लिपिक होतो आणि चावी जवळ असली की यंत्रही आपल्याला कळतं असं मला वाटायचं.

त्या कपाटात खूप कार्डं होती, पण मेंदू म्हणावीत अशी दोनच. कुठली माहिती कुठल्या वाटेनं न्यायची ते ठरवणारी. दोन्ही हुबेहूब सारखी. स्वतःची स्मरणशक्ती, तारीख-वेळ जपणारा बटणाएवढा सेल, लॅपटॉप जोडायचं छिद्र, दिव्यांची रांग आणि दोन टोकांना ओढून काढायचे दोन खटके. एक काम करी, दुसरं नुसतं बसून राही. राठोड त्यांना थोरला आणि धाकला म्हणे.

"धाकला बरा आहे रे तुझा," मी चिडवत असे, "सरकारी नोकरासारखा बसून खातो."

"बसून नाही, बाबूजी, ऐकून राह्यला थो. थोरला जे जे ऐकते, ते थोबी ऐकते. थोरला पडला का पापणी लवाच्या आंदी उठते. मंग कोनाले समजतबी नाही का थोरला गेला."

धाकल्याबद्दल बोलताना त्याचा आवाज जरा खाली येई. मला वाटे, यंत्राचं वेड, दुसरं काय.

वेड होतंच. कपाटाला हात लावताना तो मनगटात तांब्याचं कडं घाली. कड्याला वायर आणि वायर कपाटाला, म्हणजे अंगातली वीज कार्डात न शिरता जमिनीत जाते. एकदा साहेबांनी हाक मारली तर आतून उत्तर आलं, "आता येता येत नाही साहेब, बांधेल हावो!" नायलॉन आणि टेरिलिनला त्या खोलीत बंदी. हिशेबाच्या मॅडमना त्यानं सर्वांदेखत सांगितलं, "ताई, तुमची साडी कडकड वाजते. तिकडूनच बोला." त्या तक्रार घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांची समजूत काढण्यात माझी अर्धी दुपार गेली.

शेजारी कापसातली सरकी काढायचं जिनिंग होतं. तिथला कापसाचा तूस उडून यंत्राच्या पंख्याच्या जाळीत अडके. दर शनिवारी राठोड तो काढी, स्वच्छ करी आणि मांडीवर वाती वळी. पुडी माझ्या टेबलावर येई. "वहिनींले द्या. मशीनच्या वाती हायेत, लाइट गेली तरी विझत नाहीत." माझ्या देवघरात वर्षानुवर्षं त्याच वाती जळल्या. हे लिहिताना मान खाली जाते.

त्या हिवाळ्यात राठोड दोन दिवसांच्या रजेवर फुलसावंगीला गेला. रजेच्या अर्जावर 'घरगुती काम' असं होतं. मी सही केली. कुठलं घर आणि कसलं काम, हे विचारलं नाही. नेमके त्याच दिवशी नागपूरहून मोठे साहेब तपासणीला आले. मी किल्ली फिरवत त्यांना ती खोली दाखवली.

"चालू यंत्रातून कार्ड काढता येतं म्हणतात, खरं का?" त्यांनी विचारलं.

खरं होतं. राठोडला काढताना मी पाहिलं होतं. "त्यात काय साहेब," मी म्हणालो. अंगात टेरिलिनचा शर्ट, त्यावर बायकोनं विणलेला निळा लोकरी स्वेटर, पायात जोडे. हवा इतकी कोरडी की ओठ फुटत होते. मी दोन्ही खटके दाबले आणि धाकल्याला बाहेर ओढलं. बोटाशी चट् आवाज झाला आणि कोपरापर्यंत मुंग्या आल्या. कार्डावर बारीक धूळ होती. साहेबांसमोर धूळ बरी दिसत नाही, म्हणून मी ती स्वेटरच्या बाहीनं पुसली. चांगली घासून पुसली.

साहेब "वा!" म्हणाले. मी कार्ड परत बसवलं. थोड्या वेळानं हिरवा दिवा लागला. हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक, एवढंच मला माहीत होतं. राठोड परत आल्यावर मी त्याला काही सांगितलं नाही.

आठ दिवसांनी थोरला बंद पडला. धाकला उठला नाही.

तीन दिवस सोळा तालुके मुके झाले. दारव्ह्याच्या केंद्राबाहेर गाड्यांची रांग पार डांबरी रस्त्याला लागली. कापूस उघड्यावर, वर ढग आलेले, आणि फाटकाच्या आतला माणूस सांगतोय, यादी आली नाही. चौथ्या दिवशी नागपूरहून नवं कार्ड आलं तेव्हा निम्म्या गाड्या व्यापाऱ्यांच्या दारात, मिळेल त्या भावात रिकाम्या झाल्या होत्या.

चौकशीच्या दिवशी सकाळी राठोड माझ्या टेबलाशी आला.

"बाबूजी, म्या मशीनची नोंद वाचली. धाकल्याले कोनीतरी भायेर काढलं होतं. मी फुलसावंगीले गेलतो, त्या दिवशी. खोली कोनी उघडली होती?"

"कोणीच नाही," मी म्हणालो. "चावी तर माझ्याकडेच होती."

त्याचा हात खिशाकडे गेला. मग म्हणाला, "बराबर."

आत चौकशीच्या साहेबांनी विचारलं, दुसरं कार्ड का उठलं नाही? राठोडचा एक हात खिशात होता. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होतो. तो म्हणाला, "अर्थिंगले पानी कमी पडलं, साहेब. माही चूक हाय."

ज्या माणसानं अकरा वर्षांत एक बादली चुकवली नव्हती, तो हे म्हणाला. तो कंत्राटी होता, त्याच आठवड्यात घरी गेला. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं होती. ती मी पूर्ण केली. निरोप समारंभात मला शालही मिळाली.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी मी जीपनं फुलसावंगीला आणि तिथून पायी त्याच्या तांड्यावर गेलो. वाटभर एकच वाक्य घोकत होतो. राठोड तांड्याच्या पाण्याच्या मोटरीमागे उभा होता, अनवाणी. खड्ड्यात बादली रिकामी करत होता.

"बाबूजी! चपला काढा पयले!"

त्याच्या भावजयीनं चहा आणला. घरात दोन मोठी मुलं होती. मी विचारलं, तुझी का? "भावाची. थोरला तापानं गेला तवा लहानी दीड वर्साची होती. मंग काय, उठा लागलं." तो हसला. "लग्नाले टाइमच नाही भेटला." अकरा वर्षं हा माणूस माझ्यासमोर बसला होता. त्या 'घरगुती कामा'चं घर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्याच्या पगाराची वाट पाहणारी माणसंही.

निघताना त्यानं फळीवरून ते तांब्याचं कडं काढलं आणि माझ्या मनगटात घातलं. वायरचा तुकडा अजून लोंबत होता.

"ठेवा. थंडीत लोकरीनं लय करंट येते, बाबूजी. धाकल्याच्या खटक्यात निळा धागा सापडला होता मले. तवा खिशातच होता." आवाजात राग नव्हता. गडबडीत विसरलेली छत्री परत करावी तसा तो बोलला. "वहिनींच्या वाती सरल्या असतीन ना?"

मग तो उभा राहिला, धाकल्यासारखा, ऐकत. 'राठोड, कार्ड मी काढलं होतं, मला माफ कर.' एवढंच म्हणायचं होतं. वाक्य पाठ होतं, तोंडही उघडलं होतं.

गेल्या पोळ्यानंतर तो गेल्याचं कळलं. कडं माझ्या हातात आहे.

त्या दिवशी मी म्हणालो, "चहात साखर जरा जास्त झाली होती."